भादव्या कोणी व्हायचे?

मराठीच्या तासाला जुनी सुखान्त विनोदी नाटके शिकवावीत की नाहीत, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. ज्या समाजाची पहिली पिढी आत्ता कुठे महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडते आहे, त्या समाजापुढे याहून मोठे प्रश्न आहेत, हे मलाही कळते. तरीही हा प्रश्न मी येथे मांडतो आहे. कोण कोणाला हसतो, यावरून समाजाची उतरंड जितकी स्पष्ट कळते तितकी ती पुष्कळदा मोठमोठ्या अहवालांवरूनही कळत नाही.

मी नागपूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. माय धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करीत असे. घरात पदवी घेणारा मी पहिला. दोन वर्षांपूर्वी बी. ए.च्या वर्गात मी गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ' वाचायला घेतले. नाटक नुसते समजावून सांगायचे नाही, भूमिका वाटून मोठ्याने वाचायचे, असे ठरवले. मी भराभर माणसे नेमली. फाल्गुनराव एकाला, अश्विनशेठ दुसऱ्याला, कृत्तिका आणि रेवती दोन मुलींना. शेवटी घरगडी भादव्या उरला. मी मागच्या बाकाकडे बोट केले. तिथे उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतून येणारा मुलगा बसला होता. तो उठला नाही. बसल्या जागेवरूनच त्याने विचारले, "सर, भादव्या मीच काऊन?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. शाळेत असताना हाच प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला होता आणि मी तो गिळला होता. स्नेहसंमेलनात 'ती फुलराणी'तला एक प्रवेश बसवायचा होता. फुलवाल्या मंजुळेच्या बापाचे काम मला देताना आमचे गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "याला अभिनय करावाच लागणार नाही. घरी बोलतो तसा बोलला की झाले." त्या दिवसापासून मी 'मले', 'तुले', 'काऊन' हे शब्द घराच्या दाराबाहेर ठेवून शाळेत जाऊ लागलो. विनोदी नाटक म्हटले की माझ्या पोटात गोळा येई. पुढे एम. ए.ला जाईपर्यंत मी एकही विनोदी नाटक आपणहून वाचले नाही.

आणि आता मीच शिक्षक होऊन तेच केले होते. मी जात पाहून भूमिका दिली नव्हती, असे मी त्या रात्री स्वतःला दहादा सांगितले. पण बोट तिकडेच का वळले, याचे उत्तर मला देता आले नाही. तो मुलगा तीन दिवस वर्गात आला नाही. त्या तीन दिवसांत मी 'संशयकल्लोळ' पुन्हा वाचले. या वेळी शिकवण्यासाठी नव्हे, तर हे नाटक कोणाला हसते ते पाहण्यासाठी.

नाटकाची हकीकत अनेकांना ठाऊक असेल. रेवतीजवळ तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर आहे. तिला घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतो. फाल्गुनरावाची बायको कृत्तिका हे दुरून पाहते आणि नवऱ्याचा संशय घेते. खाली पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनराव तिचा संशय घेतो. आपली तसबीर भलत्याच घरी गेली हे कळल्यावर अश्विनशेठ रेवतीचा संशय घेतो. एक वस्तू, चार माणसे आणि प्रत्येकाजवळ अर्धीच माहिती. संपूर्ण माहिती फक्त प्रेक्षकाला असते, आणि म्हणून तो हसतो. अशा विनोदाचे सगळे यंत्र एवढेच आहे. ज्याला ठाऊक आहे तो ज्याला ठाऊक नाही त्याला हसतो.

हे यंत्र देवलांचे स्वतःचे नाही. फ्रान्समधील मोलिएरने १६६० साली 'स्गानारेल' नावाचे छोटे प्रहसन लिहिले. आर्थर मर्फी याने १७६१ साली त्यावरून इंग्रजी नाटक रचले. त्यावरून देवलांनी आधी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक केले आणि पुढे त्यात पदे घालून 'संगीत संशयकल्लोळ' तयार केले. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी देवल वारले. पॅरिसहून लंडनला, लंडनहून पुण्याला येताना माणसांचे कपडे बदलले, भाषा बदलली, गाणी आली. मालक आणि नोकर ही रचना मात्र जशीच्या तशी उतरली, कारण ती आपल्याकडे आधीपासून तयारच होती.

देवलांनी पात्रांची नावे मोठ्या गमतीने ठेवली आहेत. सगळी नावे मराठी महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून घेतली आहेत. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ. कृत्तिका, रेवती, मघा, रोहिणी. वाचणाऱ्याला मौज वाटते. मलाही वाटली. पण त्या रात्री माझ्या लक्षात आले की फाल्गुनाला 'राव' लागले, आश्विन आणि वैशाखाला 'शेठ' लागले आणि भाद्रपदाचा मात्र 'भादव्या' झाला. बारा महिने आकाशात सारखेच. घरात आल्यावर त्यांच्यातही मालक आणि गडी झाले. देवलांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. त्यांना ते करावेही लागले नाही. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असा नियम मनुस्मृतीने घालून दिला होता. ज्या ग्रंथाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, तो ग्रंथ नाटककाराच्या टाकात शाईसारखा मुरलेला होता. आपल्या आजे-पणज्यांची नावे आठवून पाहा. त्यातल्या किती नावांच्या शेवटी हाच 'या' होता!

रेवतीचेही तसेच. ती नायकिणीची मुलगी. तिला लग्न करून संसार थाटायचा आहे. कृत्तिकेवर जो संशय येतो तो एका नवऱ्याचा स्वभावदोष म्हणून आपण हसण्यावारी नेतो. रेवतीवरचा संशय मात्र तिच्या जन्मावरून येतो. तसबीर हरवली नसती तरी तो कधी ना कधी आलाच असता. अखेरीस घोटाळा उलगडतो, लग्न होते, सगळे हसतात. पण जन्मावरून माणसाचे चारित्र्य ठरवणे म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले आहे, त्यांना या नाटकात हसता हसता थांबावेसे वाटेल अशी ही जागा आहे. परीक्षेतला प्रश्न येथे कधी थांबत नाही. 'फाल्गुनरावाचे स्वभावचित्र रेखाटा' एवढे विचारून तो पुढे जातो.

आपल्याकडे विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे तीन प्रकार शिकवले जातात. कोटी केली तर शब्दनिष्ठ, तसबिरीसारखा घोटाळा झाला तर प्रसंगनिष्ठ, संशयी नवऱ्याची फजिती झाली तर स्वभावनिष्ठ. विद्यार्थी हे पाठ करतात आणि गुण मिळवतात. या वर्गीकरणात माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे याला जागा नाही. आपले प्राचीन शास्त्र मात्र या बाबतीत अधिक स्पष्टवक्ते होते. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित हे मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित हे अधमांचे. उत्तम माणूस दात न दाखवता मंद हसतो. अधम माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कुशी धरून, मोठ्याने हसतो. प्रकृती म्हणजे वर्ण नव्हे, असे पंडित सांगतील, आणि शब्दार्थाने ते खरेही आहे. पण हसण्यालाही पायऱ्या कल्पणारे मन कोणत्या समाजव्यवस्थेत घडले, हे वेगळे सांगायला नको. तेच नाट्यशास्त्र आपल्या आरंभी सांगते की, ज्यांना वेद ऐकण्याचा अधिकार नाही अशांसकट सर्व वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद निर्माण झाला. आम्हाला वेद नको आहे. नाटक मात्र आमच्याही नावावर मांडलेले आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या तीन दिवसांपैकी एका संध्याकाळी मी हे नाटक माझ्या मायला वाचून दाखवले. तिला अक्षरओळख आहे, पण सलग वाचन होत नाही. मी सगळ्यांचे आवाज काढून वाचत होतो. ती भाजी निवडत ऐकत होती. फाल्गुनरावाची चडफड ऐकून ती आधी पदराआड हसली. चार घरी काम करून तिला तशी सवयच लागली आहे. मालकिणीच्या घरात कामवालीने आवाज करून हसायचे नसते. मग ती सवय सुटली. ती मोठ्याने हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. नाट्यशास्त्राच्या हिशेबाने माझी माय त्या दिवशी अधम हसली. मला तिचे इतके मोकळे हसणे यापूर्वी ऐकल्याचे आठवत नाही. मग ती म्हणाली, "ज्याच्या हाताले काम नाही, त्याच्या डोक्याले संशय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "घरातलं खरं काय ते भांडे घासणारीले ठाऊक रायते. पण तिले इचारते कोन?"

एम. ए.च्या दोन वर्षांत मला जे कोणी सांगितले नाही ते या दोन वाक्यांत होते. नोकर हा नाटकातला हास्यास्पद माणूस आहे, असे मी धरून चाललो होतो. माझ्या मायने नाटक स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले, आणि तिथून पाहिल्यावर हास्यास्पद दिसतो तो मालक. मोलिएरला हे पुरते ठाऊक होते. त्याच्या 'तार्त्युफ'मध्ये धर्माचे सोंग घेतलेला भोंदू घरधन्याला लुबाडतो. घरधनी आंधळा झालेला असतो, पण दोरीन नावाची मोलकरीण त्या भोंदूला पहिल्यापासून ओळखून असते आणि तोंडावर बोलूनही दाखवते. १६६४ साली या नाटकावर बंदी आली आणि ते जाहीरपणे करण्याची मोकळीक मिळायला १६६९ साल उजाडावे लागले. धर्माच्या दलालाला हसणे हा तेव्हाही गुन्हा होता.

जुन्या नाटकांत अशा जागा पुष्कळ सापडतात. पण त्या शोधणारा डोळा हवा. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' घ्या. देवलांनी तेही मराठीत आणले. त्यात शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर भिंतीला भोक पाडायला येतो. मापाची दोरी तो घरी विसरला आहे. मग गळ्यातले जानवे काढून तो त्यानेच माप घेतो आणि जानवे किती उपयोगी आहे याचे गुणगानही करतो. हा विनोद पंधराशे वर्षांहून कमी जुना नसेल, आणि तो आपल्यापैकी कोणी लिहिलेला नाही. त्याच नाटकाच्या शेवटच्या अंकात निरपराध चारुदत्ताला वधस्थानी नेणारे दोन चांडाळ आहेत. शास्त्राने त्यांच्या तोंडी हलकी प्राकृत बोली घातली आहे. पण त्यांच्यातलाच एक सांगतो की, मरताना बापाने बजावले होते, वध करायची पाळी आली तर घाई करू नकोस. कोण जाणे, कोणी येऊन त्याला सोडवील किंवा राजाच बदलेल. चांडाळकुळात जन्मलो म्हणून आम्ही चांडाळ नव्हे, जे सज्जनाला छळतात तेच चांडाळ, असाही विचार ते बोलून दाखवतात. राजा, न्यायाधीश आणि राजाचा मेहुणा यांनी भरलेल्या त्या नाटकात शहाणपणाचे बोलणे या दोघांच्या तोंडी आहे. वर्गात हा अंक बहुधा वेळेअभावी राहून जातो.

भाषेचा प्रश्न यातूनच येतो. संस्कृत नाटकात राजाने आणि ब्राह्मणाने संस्कृत बोलायचे, बहुतेक स्त्रियांनी आणि खालच्या लोकांनी प्राकृत. ब्राह्मण असूनही विदूषक प्राकृत बोलतो, कारण त्याला हसायचे असते. ही वाटणी अजून संपलेली नाही. भंडारा जिल्ह्यात मामाच्या गावी मंडईच्या दिवसांत मी झाडीपट्टीची नाटके पाहत रात्री जागवल्या. धानाची कापणी झाली की तिकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. मी पाहिलेल्या त्या नाटकांतही नायक पुस्तकी मराठी बोलत असे आणि हसवणारा आमची बोली. टाळ्या त्यालाच अधिक पडत, हे खरे. पण नायिका त्याच्या वाट्याला कधी येत नसे. आज मोबाइलवर दिसणाऱ्या विनोदी तुकड्यांतही वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा माणूस आला की विनोद सुरू झाला असे समजायचे असते. 'मले' म्हणणे यात हसण्यासारखे काय आहे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

म्हणूनच ज्या नाटकाने माझा घास कडू केला होता ते 'ती फुलराणी' मी पुन्हा उघडले. बर्नार्ड शॉच्या १९१३ सालच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी ते रचले आणि १९७५ साली ते रंगभूमीवर आले. भक्ती बर्वे यांनी मंजुळा केली. भाषेचा प्राध्यापक पैजेखातर रस्त्यावरच्या फुलवालीला 'शुद्ध' बोलायला शिकवतो. आधी आपल्याला मंजुळेच्या बोलण्याचे हसू येते. पण नाटक पुढे सरकते तसे हसू जागा बदलते. ती शिकते, आणि मग विचारते की, आता माझे काय? जुन्या वस्तीत मी मावत नाही आणि नव्या घरात मला कोणी माणूस समजत नाही. हा प्रश्न पहिल्या पिढीच्या प्रत्येक पदवीधराचा आहे. प्राध्यापकाला तिची भाषा शिकावी लागत नाही, हे मात्र नाटकात कोणाला खटकत नाही. मोलिएरच्या १६७० सालच्या एका नाटकात जुर्दँ नावाचा कापडवाल्याचा मुलगा मोठेपणी शिक्षक ठेवून गाणे, नाच आणि तत्त्वज्ञान शिकू लागतो. आपण जन्मभर गद्यच बोलत आलो, हे कळल्यावर तो हरखून जातो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. मीही हसलो. मग आठवले की, 'आपण बोलतो ती बोली' हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मीही असाच हरखलो होतो. उशिरा शिकणाऱ्याला हसणे फार सोपे असते.

आपल्या चळवळीतले काही मित्र म्हणतील, असे आहे तर ही नाटके हवीतच कशाला? आपले साहित्य वेदनेचे, नकाराचे आणि विद्रोहाचे आहे. हसणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे. या मित्रांना मी १८५५ सालाची आठवण करून देतो. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले, त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. योगायोग असा की देवल जन्मले तेही १८५५ सालीच. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून एक जोशी त्या नवराबायकोला नागवतो, अशी त्याची हकीकत आहे. शेवटी ते जोडपे जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवते. तिसरे रत्न म्हणजे तिसरा डोळा, विद्येचा. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले, आणि कमिटीतल्या भटांपुढे तिथल्या युरोपियनांचे काही चालले नाही म्हणून ते नापसंत झाले, असे त्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवले. ते संपूर्ण छापून यायला १९७९ साल लागले. आज ते त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळते. मीही ते तिथेच विकत घेतले.

या नाटकात जोतीरावांनी एक विदूषक ठेवला आहे. जोशी एक वाक्य बोलला की विदूषक प्रेक्षकांना त्याचा खरा अर्थ सांगतो आणि त्याची टर उडवतो. संशयाच्या नाटकात प्रेक्षकाला जी माहिती तसबिरीमुळे मिळते, ती येथे विदूषक देतो, आणि ती देतो शूद्रातिशूद्रांना. यंत्र तेच आहे, फक्त त्याचे तोंड फिरवले आहे. ज्याला ठाऊक आहे तो हसतो हे खरे असेल तर, ज्यांना आजवर काही ठाऊक होऊ दिले नाही त्यांच्या हाती माहिती द्या, म्हणजे हसण्याची पाळी त्यांची येईल. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी हीच वाट धरली. आपल्या परंपरेत हास्य नाही, असे म्हणणाऱ्याने जलसे विसरून चालणार नाही.

चौथ्या दिवशी तो मुलगा वर्गात आला. मी सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली आणि चिठ्ठ्या टाकू असे म्हटले. तेव्हापासून माझ्या वर्गात नाटक वाचण्याची एक रीत पडली आहे. इतर शिक्षकांना आणि घरी वाचणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून ती सांगतो. भूमिका चिठ्ठीने वाटायच्या. मुलगा, मुलगी, वस्ती, बोली काही पाहायचे नाही. जुन्या रंगभूमीवर पुरुषच नायिका होत असत, तेव्हा यात नवीन काही नाही. दर प्रवेशाआधी फळ्यावर लिहायचे की या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे; विनोद कळण्याचा हा सर्वांत जवळचा मार्ग. 'स्वगत' आणि 'उघड' यांतला फरक आवाजाने दाखवायचा. आपल्या माणसांना हा फरक शिकवावा लागत नाही, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वाट्याला स्वगतच आले. प्रवेश संपला की विचारायचे, कोण हसले, कोणाला हसले आणि या घरातले कोणते माणूस रंगमंचावर आलेच नाही. आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे: आधी एकदा नुसत्या मौजेसाठी वाचायचे. ज्याला नाटकाची गोडीच लागली नाही, त्याला त्यातला अन्यायही दिसत नाही. त्याला फक्त परीक्षा दिसते.

पहिल्या चिठ्ठ्यांत त्या मुलाला कृत्तिका आली. वर्ग हसला, तोही हसला आणि वाचू लागला. भादव्या आला धरमपेठेतल्या एका मुलीला. तिने दोन-तीन वाक्ये वाचली आणि ती थांबली. म्हणाली, "सर, मी आमच्या घरच्या बाईंची नक्कल करते आहे." वर्गात कोणी हसले नाही. तिला मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे तिने स्वतःच बोलून टाकले होते. थोड्या वेळाने तिने तीच वाक्ये पुन्हा वाचली, साध्या आवाजात. तेव्हा भादव्या पहिल्यांदा माणसासारखा बोलला.

नागपूरला विनोदी नाटक परके नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली याच शहरात जन्मले, आणि त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी १९१९ च्या जानेवारीत येथून जवळच सावनेरला देह ठेवला. ही मिराशी आजवर ज्यांच्याकडे राहिली त्यांच्याकडून ती हिसकावून घ्यावी असे मी म्हणत नाही. ती वाचनालयात आहे, कपाटाला कुलूप नाही. आपण तिथे जाऊन ती काढली पाहिजे, मोठ्याने वाचली पाहिजे, जिथे हसू येईल तिथे हसले पाहिजे आणि जिथे हसू घशात अडकेल तिथे का अडकले ते लिहिले पाहिजे.

यंदा आम्ही 'तृतीय रत्न' वाचतो आहोत. चिठ्ठीत त्या मुलाला जोशी आला. गोड बोलत, बोटांवर ग्रह मोजत, त्याने तो इतका बेरकी वाचला की मागच्या बाकापर्यंत हशा पिकला. तास संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, हे मायले वाचून दाखवतो." पुस्तक त्याने आठ दिवसांसाठी नेले. अजून परत केलेले नाही. मीही मागितलेले नाही.